सत्काराची यादी

आमच्या पेठेतल्या तालमीने गेल्या फुटबॉल हंगामाच्या तोंडावर आपल्या माजी खेळाडूंचा सत्कार करायचे ठरवले आणि कोणाकोणाला बोलवायचे याची यादी करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मी स्वतः तालमीच्या संघातून कधीच खेळलो नाही. शाळेच्या संघात दोन वर्षे राखीव म्हणून रेषेबाहेर बसलो, एवढीच माझी कारकीर्द. तरीही ‘तू लिहिणारा माणूस, तुला जमेल’ असे म्हणून कार्यकर्त्यांनी दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली, आणि आठवडाभरात उरकेल असे वाटलेल्या त्या कामाला सव्वादोन महिने लागले.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे फुटबॉल हा तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावे मुळात तालमींची. जिथे तांबड्या मातीत पोरे जोर-बैठका मारीत, त्याच उंबऱ्यातून पुढे बूट बांधून मैदानावर जाणारे संघ निघाले. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ असे संघ आहेत, आणि या सगळ्यांना एका सूत्रात बांधणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर लीग सुरू होते, तिच्या पाठोपाठ निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा येतात, आणि तोवर कोणत्या पेठेने कोणत्या पेठेशी कसे बोलायचे हे त्या त्या आठवड्याच्या निकालावर ठरते. संघ कंपनीचा नसतो, मालकाचा नसतो. तो पेठेचा असतो. त्यामुळे ‘माजी खेळाडू’ हा शब्दही आमच्याकडे जरा परका वाटतो, कारण खेळणे थांबले तरी माणूस पेठेतच राहतो, सकाळी त्याच कोपऱ्यावर दूध आणायला येतो आणि संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसतो. रोज दिसणाऱ्या माणसाचा सत्कार कशासाठी करायचा, असे काहींनी बैठकीत विचारलेही. मी कामाला लागलो तेव्हा लक्षात आले की हा रोज दिसणारा माणूस नेमका काय खेळला, हे पेठेतल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हते.

सुरुवात तालमीच्या कपाटापासून केली. कपाट कपांनी आणि ढालींनी खच्चून भरलेले होते, आणि एकेक ढाल पुसून वाचत गेलो तेव्हा तिच्यावरच्या मजकुराची एक ठरलेली उतरंड दिसू लागली. ज्याच्या स्मरणार्थ स्पर्धा, त्याचे नाव सर्वांत वर. देणगीदाराचे नाव त्याखाली, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. विजेत्या संघाचे नाव आणि साल खाली, बारीक अक्षरांत. आणि ज्या अकरा जणांनी ती ढाल आणली त्यांची नावे कोठेच नाहीत. वह्या शोधल्या. वर्गणीच्या होत्या, गणपतीच्या जमाखर्चाच्या होत्या, मांडवाच्या बांबूंचा हिशेब तर तीस वर्षांमागचा सापडला. खेळाडूंची नोंद अशी एकही वही निघाली नाही, कारण त्या त्या वेळी ती ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती. सगळेच सगळ्यांना ओळखत होते.

राहता राहिला दिवाणखान्यातला फोटो. तो आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेला आहे, म्हणजेच कोणी कधी नीट पाहिलेला नाही. कृष्णधवल, लाकडी चौकटीतला, मधोमध जमिनीवर ठेवलेली ढाल, खुर्च्यांवर टोपी घातलेले त्या वेळचे पदाधिकारी, मागे दोन ओळींत उभे असलेले खेळाडू आणि ढालीच्या दोन्ही बाजूंना कोपरावर रेललेली दोन मुले. खाली पुठ्ठ्यावर पांढऱ्या शाईने नावे लिहिलेली होती, पण एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि डावीकडची सगळी नावे वाहून गेली. उजवीकडची पाच तेवढी वाचता येतात. मी चौकटीची काच काढून त्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला आणि तो घेऊन घरोघर फिरू लागलो.

हे फिरणे मला आयुष्यभर पुरेल. ज्याच्या समोर मोबाइल धरावा तो चष्मा लावून, फोटो बोटांनी मोठा करून, आधी स्वतःला सोडून इतरांना शोधू लागे. ‘हा आमचा सेंटर हाफ’, ‘हा राइट आउट, ह्याच्या पायात वारं होतं’, ‘हा लेफ्ट इन, उजव्या पायाने चेंडूला शिवायचा सुद्धा नाही’. आजच्या पोरांना ही नावे परकी वाटतील, कारण हल्ली विंगर, स्ट्रायकर, डिफेन्सिव्ह मिडफिल्डर अशी भाषा असते. पण त्या पिढीत पाठीवरचा आकडा म्हणजेच जागा होती. दोन आणि तीन म्हणजे बॅक, पाच म्हणजे सेंटर हाफ, सात म्हणजे राइट आउट, नऊ म्हणजे सेंटर फॉरवर्ड, अकरा म्हणजे लेफ्ट आउट. आकडा सांगितला की माणूस मैदानावर कोठे उभा असे ते कळे, आणि म्हणून मीही वहीत नावाच्या आधी आकडा लिहू लागलो. एका वृद्ध गोलरक्षकाने फोटोकडे पाहण्याआधी मला आपला उजवा हात दाखवला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेले होते. हातमोजे त्या काळी कोणाकडे नव्हते. बोट निखळले की बाजूला उभ्या असलेल्या एखाद्या वस्तादाने ते ओढून बसवायचे आणि वर पट्टी बांधून खेळ पुढे चालू ठेवायचा. ‘चहाचा कप धरता येत न्हाई नीट,’ ते म्हणाले, ‘पण चेंडू अजून धरतो.’

असे करत तीन आठवड्यांत फोटोतल्या एकाखेरीज सगळ्यांची ओळख पटली. मागच्या ओळीतला डावीकडून तिसरा, उंच, कपाळावर केस आलेला, कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला पाहणारा, तो कोण हे कोणालाच सांगता येईना. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

खरी अडचण आली ती वेगळ्याच माणसावरून. आमच्या तालमीतून पाच हंगाम खेळलेला एक अव्वल सेंटर फॉरवर्ड पुढे समोरच्या पेठेच्या संघात गेला आणि त्यांच्याकडून खेळताना एका अंतिम सामन्यात त्याने आमच्यावरच गोल केला. त्याला चार दशके होत आली, गोल पाहणारे अर्धेअधिक गेले, पण त्याचे नाव मी यादीत वाचताच बैठक पेटली. ‘पेठ सोडून गेलेल्या माणसाला शाल कसली?’ असा एका बाजूचा सवाल आणि ‘पाच वर्षं घाम गाळला तो काय त्यांच्यासाठी?’ असा दुसऱ्या बाजूचा. दोन संध्याकाळी या एका नावावर गेल्या. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण इथे संघ बदलणे म्हणजे नोकरी बदलणे नव्हे. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या मामाच्या घरी पुन्हा जेवायला जाता येईल की नाही, असा तो प्रश्न असतो.

तिसऱ्या संध्याकाळी मी त्यांना फुटबॉलपटू श्याम थापांची हकिकत सांगितली, आणि ती इथेही सांगतो, कारण माजी खेळाडूंच्या सत्काराची गोष्ट कलकत्त्याचे नाव न घेता पुरी होत नाही.

ईस्ट बंगाल आणि मोहन बागान हे कलकत्त्याचे दोन कट्टर प्रतिस्पर्धी क्लब. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आयएफए शील्ड या तिथल्या जुन्या ढालीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडवला. मोहन बागानच्या पाठीराख्यांच्या मनावरची ही जखम इतकी खोल आहे की आजही त्या आकड्याचा नुसता उल्लेख केला तरी समोरचा माणूस विषय बदलतो. त्या पाचांतले दोन गोल श्याम थापांचे होते. पुढे दोनच वर्षांत हे थापा मोहन बागानकडे आले; १९७७ च्या सप्टेंबरात पेले ज्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघातून ईडन गार्डन्सवर खेळले त्या संघाविरुद्ध २-२ अशी बरोबरी साधताना मोहन बागानच्या दोन गोलांपैकी एक थापांचा होता, दुसरा मोहम्मद हबीब यांचा, आणि त्याच हंगामात मोहन बागानने आयएफए शील्ड, रोव्हर्स कप आणि ड्युरँड कप असे तिन्ही चषक जिंकले. १९७८ मध्ये थापांनी ईस्ट बंगालविरुद्ध उलटी लाथ मारून केलेला गोल तर बंगालमध्ये दंतकथा होऊन बसला आहे. २९ जुलै २०२२ रोजी मोहन बागानने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान, ‘मोहन बागान रत्न’, दिला. पुढच्या वर्षी तो गौतम सरकार यांना मिळाला, आणि तेही दोन्ही घरचे पाणी प्यालेले.

‘म्हणजे आपल्यावर दोन गोल मारणाऱ्याला त्यांनी रत्न म्हटलं?’ आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना सगळी पेठ अण्णा म्हणते, त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘आपल्यावर त्यानं एकच मारलाय. लिही नाव.’

२९ जुलै ही तारीखही सहज निवडलेली नाही. १९११ साली याच दिवशी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून ती ढाल नेणारा हा पहिला भारतीय संघ. एकटे सुधीर चटर्जी बूट घालून खेळले, बाकीचे दहा अनवाणी. गोल केले शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी. परंतु मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की तिथे गोल करणाऱ्या दोघांचेच नव्हे, तर अकराही जणांचे नाव क्लबने जपले. गोलात हिरालाल मुखर्जी, बचावात भुती सुकुल आणि सुधीर चटर्जी, मधल्या फळीत मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता आणि नीलमाधव भट्टाचार्य, पुढे कानू रॉय, हाबुल सरकार, अभिलाष घोष, विजयदास भादुरी आणि शिवदास भादुरी. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा संघ मी इथे कोल्हापुरात बसून न अडखळता लिहू शकतो, आणि माझ्याच तालमीच्या भिंतीवरचा, माझ्या जन्माच्या आसपासचा फोटो मला दारोदार फिरवावा लागतो. दर वर्षी तो दिवस पाळायचा, त्या दिवशी आपल्यातल्या एका जुन्या माणसाला पुढे बोलवायचे, हा पायंडा त्यांनी २००१ पासून पाडला. पहिला मान शैलेन मन्ना यांना मिळाला. १९५१ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार आणि १९४२ पासून जवळजवळ दोन दशके मोहन बागानचे बॅक.

चुनी गोस्वामींचे उदाहरण आम्हा मराठी माणसांना जरा जवळचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार, मोठेपणी मोहन बागानखेरीज दुसऱ्या क्लबची जर्सी न घातलेले, आणि शिवाय रणजी करंडकात बंगालचे क्रिकेट कर्णधार. १९७१-७२ च्या अंतिम सामन्यात त्यांचा बंगाल आपल्या मुंबईकडून हरला. ३० एप्रिल २०२० रोजी ते गेले. २०२३ च्या बंगाली नववर्षदिनी, ज्या दिवशी कलकत्त्याचे क्लब गोलपोस्टची पूजा करून हंगामाचा नारळ वाढवतात, त्या दिवशी मोहन बागानच्या तंबूच्या, म्हणजे क्लबच्या मुख्यालयाच्या, एका प्रवेशद्वाराला त्यांचे नाव देण्यात आले आणि त्याचे उद्घाटन सुनील गावस्करांच्या हस्ते झाले. पुतळ्यापेक्षा मला दरवाजा अधिक आवडतो. पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो. दरवाजातून सरावाला येणारे पोर रोज आत शिरते आणि ‘चुनी गोस्वामी गेटपाशी भेट’ असे सांगते.

मात्र हे सगळे जमायला क्लब जागेवर असावा लागतो, आणि इथेच मुंबईचे दुखणे आहे. श्याम थापा ईस्ट बंगालकडे परतण्याआधी मुंबईत मफतलालकडून खेळत होते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र असे कंपन्यांचे संघ हीच मुंबईच्या फुटबॉलची ताकद होती; खेळाडूला नोकरी मिळे, पगार मिळे, पुढे निवृत्तिवेतनाची सोय होई आणि कूपरेजच्या मैदानावर संध्याकाळी सामना. परंतु कंपनीच्या लेखी संघ हा खर्चाचा एक रकाना असतो. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंद झाला. १८९१ पासून चालत आलेला मुंबईचा रोव्हर्स कप या शतकाच्या सुरुवातीलाच थंडावला. थापांना बोलावून सन्मान करणारा कलकत्त्याचा क्लब आहे. मुंबईच्या ज्या संघातून ते खेळले त्याच्या दारावर जाऊन उभे राहावे म्हटले तर दारच उरलेले नाही.

नोकरीनिमित्त मी सहा वर्षे मुंबईत होतो, तेव्हा आमच्या चाळवजा इमारतीत असेच एक गृहस्थ राहत. ते कोणत्या कंपनीकडून खेळले ते लिहीत नाही. कंपनीचा संघ गुंडाळला गेला तेव्हा क्लबच्या खोलीतले फोटो आणि पेले कोठे गेले, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. त्यांच्याकडे उरलेली होती ती एक जर्सी, प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. ती त्यांनी मला दोनदा दाखवली, आणि दोन्ही वेळा पाठीवरचा सहाचा आकडा कसा एका बाजूने उसवला आहे आणि तो आपण मुद्दाम शिवला नाही, हे सांगितले. त्यांचा सत्कार कोणी केला नाही असे नव्हे. सोसायटीच्या गणपतीत झाला होता. पण त्या गर्दीत ते सहा नंबरला कसे खेळत हे पाहिलेला एकही माणूस नव्हता.

नेव्हिल डिसोझा यांचे काय झाले, हेही याच ओघात आठवते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले, त्यात तीन गोल मुंबईच्या या गोवेकर तरुणाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. १९८० साली ते गेले. आता वांद्र्याच्या एका फुटबॉल मैदानाला त्यांचे नाव आहे, आणि ते चांगलेच झाले. तरी तो गौरव शहराने, संघटनेने केलेला. क्लबच्या उंबऱ्यात, ज्यांच्याबरोबर जर्सी वाटून घेतली त्यांच्या देखत होणारा सत्कार ही निराळीच गोष्ट आहे, आणि ती आमच्या पेठेला अजून परवडते, एवढे मला त्या बैठकीत उमगले.

आता सत्कार कसा करायचा याविषयी. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या उद्घाटनाला आमच्या तालमीतल्या चौघा ज्येष्ठांना ‘विशेष सन्मानार्थ’ बोलावले गेले होते. दुपारी तीनला बोलावले, प्रमुख पाहुणे सव्वापाचला आले, तोवर चौघे पत्र्याखालच्या तापलेल्या खुर्च्यांवर बसून राहिले. भाषणे सहा झाली. सत्काराची वेळ आली तेव्हा निवेदकाने एकाचे आडनाव चुकीचे वाचले, दुसऱ्याच्या हातात तिसऱ्याचे सन्मानचिन्ह गेले आणि चौथ्याचा शाल पांघरताना फोटो निघाला तो पाहुण्यांच्या पाठीचा. घरी येताना त्यातले एक मामा म्हणाले, ‘शाली मायंदाळ झाल्यात. आता पोरांच्या लग्नात आहेर कराय लागतो त्याच.’ हे ऐकलेले असल्यामुळे आम्ही ठरवले की शाल नको, श्रीफळ नको, व्यासपीठ नको आणि बाहेरचा पाहुणाही नको. कार्यक्रम तालमीच्या दिवाणखान्यात, मातीच्या हौद्याशेजारी. सत्कार करणार ते चौदा वर्षांखालच्या संघातली पोरे. आणि देणार काय, तर या हंगामाची जर्सी, ज्याच्या त्याच्या जुन्या आकड्यासह. त्याखेरीज हंगामभर संघाचे सामने पाहण्यासाठी तालमीने आपल्या खर्चाने करायची बसण्याची सोय. ही मागणी त्यांच्याकडूनच आली होती. गुडघे गेल्यामुळे गॅलरीच्या उंच पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून निम्मे जण सामने पाहायचेच बंद झाले होते, आणि आम्हाला वाटत होते की त्यांना आता खेळात रस राहिला नाही.

जर्सींची एक फजिती झाली. कोणाचे माप कोणते, हे विचारायला संकोच वाटला म्हणून सगळ्या मोठ्या मापाच्या शिवून घेतल्या. अकरा नंबरचे लेफ्ट आउट आता इतके सुकले आहेत की जर्सी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली. त्यांनी ती सदऱ्यावरूनच घातली, बाह्या दुमडल्या आणि दिवसभर उतरवली नाही.

आणि नावांचे काय झाले ते. मी यादी कागदोपत्री व्हावी तशी केली होती, म्हणजे प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. निवेदन करणाऱ्या मुलाने पहिले नाव स्वच्छ वाचले आणि दिवाणखान्यात शांतता पसरली. दोन-तीनशे माणसे जमलेली. कोणालाच उमगेना की हा कोण. ज्याचे नाव होते तेही जागचे हलले नाहीत, कारण त्यांना स्वतःलाही ते नाव मतदानाच्या दिवसापलीकडे ऐकायची सवय नव्हती. मग मागच्या बाजूने, दारात उभ्या असलेल्या कोणीतरी त्यांचे मैदानावरचे टोपणनाव मोठ्याने पुकारले, आणि जे टाळ्यांचे व शिट्ट्यांचे पाऊस पडले ते मला वहीत मांडता येणार नाही. ते टोपणनाव मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहिले तर कोल्हापुरातले कोणीही त्यांना ओळखेल. पुढची सगळी नावे मग पोराने टोपणनावानेच पुकारली. जे त्याला ठाऊक नव्हते ते गर्दीने सांगितले.

मला तेव्हा बिलबाओची आठवण झाली. स्पेनच्या बास्क प्रांतातला अ‍ॅथलेटिक क्लब हा बास्क मातीत वाढलेल्या खेळाडूंवाचून दुसऱ्याला घेत नाही, म्हणजे एका अर्थाने ती पेठच झाली. १९१३ साली त्यांचे सान मामेस मैदान सुरू झाले तेव्हा तिथला पहिला गोल राफाएल मोरेनो अरांथादी या तरुणाने केला. १९२२ साली, तिशी गाठण्याआधीच, तो आजारपणात गेला. १९२६ मध्ये क्लबने त्याचा अर्धपुतळा बसवला, आणि तेव्हापासून जो संघ त्या मैदानावर प्रथमच खेळायला येतो त्याचा कर्णधार पुतळ्यापाशी फुले ठेवतो. २०१३ साली जुने मैदान जाऊन नवे झाले, पुतळाही नव्यात आला आणि प्रथाही आली. पण राफाएल मोरेनो असे म्हटले तर कोणाला कळणार नाही. त्याला सगळे पिचिची म्हणत, आणि स्पॅनिश लीगमध्ये दर वर्षी सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा सन्मान आजही पिचिची याच नावाने ओळखला जातो. प्रतिस्पर्ध्याने येऊन आपल्या माणसाला फुले वाहायची, ही कल्पना मी अण्णांना सांगितली. समोरच्या पेठेचा कर्णधार आपल्या दिवाणखान्यात हार घेऊन येईल, असे चित्र डोळ्यांसमोर आणून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मात्र त्या दिवशी समोरच्या पेठेतले तिघे जुने खेळाडू न बोलावता आले होते आणि मागे, चपलांच्या ढिगाशेजारी उभे होते, हे मी पाहिले होते. तो पेठ सोडून गेलेला सेंटर फॉरवर्ड त्यांच्याच बरोबर आला. त्याला नऊ नंबरची जर्सी देताना टाळ्या पडल्या, इतरांपेक्षा थोड्या कमी पडल्या, आणि ते त्यालाही कळले असावे. पण तो जेवणासाठी थांबला आणि पंगतीत अण्णांच्या शेजारी बसला.

सत्कारानंतर राहिलेले काम पाटीचे आहे. फोटोखाली आता लाकडी पाटीवर सगळी नावे रंगवून घ्यायची आहेत, म्हणजे पुन्हा ओल आली तरी वाहून जाणार नाहीत. त्यावरही वाद झाला. कार्यकर्त्यांचे म्हणणे की पूर्ण नाव मोठ्या अक्षरात आणि टोपणनाव कंसात. म्हाताऱ्यांचे म्हणणे नेमके उलट. एका दिवंगत खेळाडूच्या पत्नी, ज्या कार्यक्रमाला जर्सी घ्यायला आल्या होत्या, त्यांनी निरोप पाठवला की घरात त्यांना ते टोपणनाव कधीच आवडले नव्हते, तरी पाटीवर तेच लिहावे, पण शुद्धलेखन नीट असावे.

मागच्या ओळीतला डावीकडून तिसरा अजून सापडलेला नाही. एकाचे म्हणणे, तो बदलीवर आलेल्या कोण्या सरकारी नोकराचा मुलगा, एकच हंगाम खेळला आणि वडिलांची बदली झाली तसा गेला. दुसऱ्याचे म्हणणे, तो सांगलीकडून शिकायला आला होता आणि एका खाणावळीत जेवायचा. त्याचा आकडा मात्र दोघांनाही पाठ आहे. चार नंबर, राइट हाफ. काल रंगाऱ्याला मजकूर देताना मी सांगितले की चार या आकड्यापुढची ओळ मोकळी ठेव. त्याने कागदावरच्या ओळी पेन्सिलीने मोजल्या आणि विचारले की मोकळ्या ओळीचे पैसे धरायचे की नाही. मी म्हणालो, धर.